सात दिवस पाणी देजा

ज्या ताई हा दिवाळी अंक काढतात, त्यांच्या घराची गच्ची मी मागच्या उन्हाळ्यात दुरुस्त केली. काम झालं तेव्हा त्या म्हणाल्या, तुझ्या धंद्याबद्दल आमच्या अंकात लिही. मी म्हटलं, ताई, मले बोलता येते, लिहिता नाही येत. त्या म्हणाल्या, मग बोलतोस तसंच लिही. म्हणून हे साइटवर सिमेंटच्या गोणीवर बसून मोबाईलमध्ये टाईप करून राहिलो. दोन्ही अंगठे पळून राहिले, चुका झाल्या तर ताईच पाहून घेतील.

मी अकोल्याचा, वय सव्वीस. छतं दुरुस्त करतो. इकडं अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत, तिकडं अमरावती-दर्यापूरपर्यंत फिरतो. माह्यासोबत गुलाबकाका असतात. ते मिस्त्री. माहा जन्म व्हायच्या आंधीपासून स्लॅब टाकून राहिले. मी डिप्लोमा केला, काकानं हातोडी केली. डिप्लोमा अन् हातोडीचं भांडण झालं की हातोडी जिंकते, हे मले पहिल्याच वर्षी समजलं होतं. तरी एकदा विसरलो. तेच सांगाचं हाय.

आंधी एक गोष्ट समजून घ्या. लोकांले वाटते छत पावसाळ्यात खराब होते. पावसाळ्यात ते फक्त तुमाले सांगते की मी खराब झालो. खराब होते उन्हाळ्यात. आपल्याकडची तपन तुमाले माहीत हाय. स्लॅब दिवसभर तापून फुगते, रात्री आखडते, परत फुगते. दोन महिने हेच. मग केसाएवढी भेग पडते. त्या भेगेकडं कोणी पाहत नाही, कारण तेव्हा गच्चीवर कुरड्या वाळत असतात अन् सगळ्यांचं लक्ष कुरड्यांकडं असते.

अन् कूलर. अमरावतीच्या एका रिटायर्ड मॅडमनं भर मे महिन्यात फोन केला, "माझं छत गळतंय." मी म्हटलं, मॅडम, आभाळात ढग नाही. "तेच तर म्हणते," त्या म्हणाल्या, "पाऊस आला तर काय होईल?" जाऊन पाहतो तर गच्चीवर मोठा कूलर. चार वर्षांपासून त्याच जागेवर, टपटप टपटप. खालून प्लास्टर फुगून पुरीसारखं झालेलं. मी म्हटलं, कूलर गळून राहिला. त्या म्हणाल्या, "थोडासाच तर गळतो." थोडासाच, पण चार उन्हाळे. आतल्या लोखंडाले तेवढं पुरते. लोखंड गंजलं की फुगते, फुगलं की सिमेंटले खाली ढकलते.

टिनाचं येगळंच. दर्यापूरचे एक काका दुपारी काठी घेऊन अंगणात बसत, कारण कोणीतरी त्यांच्या टिनावर खडे मारून राहिलं होतं. टक. टक. शेजाऱ्याच्या पोरांवर डाऊट होता, शेजाऱ्याशी बोलणं बंद केलं होतं. मी त्यांच्यासोबत एक दुपार बसलो. टक झालं, खडा काही दिसला नाही. टिन तापून ताणलं की स्क्रूजवळ आवाज करते, एवढंच होतं. पण त्या ताणाताणीत स्क्रूखालचं रबर वाळून बिस्किटासारखं झालेलं. हात लावला तर भुगा. म्या रबरं बदलून देल्ली अन् सांगितलं, वर ठेवलेले दगड खाली घ्या, वावधन आलं तर टिन जाईल ते जाईल, दगड दुसऱ्याच्या डोक्यात जातील. काकाले दगडांचं काही नाही वाटलं. ते म्हणे, "मंग आता त्या शेजाऱ्याले काय सांगू?"

असे किस्से गंज हायेत, पाहिजे तेवढे. हसून सांगतो मी ते. हिवरखेडचा हसून सांगता येत नाही.

हिवरखेडले वसंताभाऊ राहतात. भाजीपाल्याचं वावर हाय त्यांचं, वांगे, मिरच्या, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटे तोडतात, जीपमध्ये टाकून अकोटच्या बाजारात नेतात. घरी काकू. अन् त्या उन्हाळ्यात पोरगी शीतल बाळंतपणाले माहेरी आली होती. लेकराले सव्वा महिना पण झाला नव्हता. सगळं घर टिनाचं, फक्त एका खोलीवर स्लॅब, भाऊंच्या वडिलांनी टाकलेली. त्या स्लॅबवर एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. टाकी भरली की वाहे, भाऊ वावरात असले की वाहतच राहे. खालून सळया उघड्या पडल्या होत्या, हाताने घासलं तर गंजाचे पापुद्रे निघत. मधोमध एक जुनी कडी, पाळणा टांगाची.

काकानं खोलीत चार टेकू लावले. म्हणजे लोखंडी खांब, छताले खालून आधार. मग आमी पोपडे पाडले, सळया ब्रशनं घासल्या, औषध लावलं, नवं प्लास्टर भरलं. टाकी तिथून उचलून जमिनीवर आणली. चौथ्या दिवशी वरून सिमेंटचा पातळ थर टाकला, उतार नीट केला. कोबा म्हणतात त्याले.

टेकू काढताना काकाचा एक नेम हाय. शेवटचा टेकू निघताना ज्यानं काम केलं तो त्या छताखाली उभा राहते. इंजिनीअर असो का मिस्त्री. मी पहिल्यांदा विचारलं होतं, काका, असं कोणत्या पुस्तकात हाय? ते म्हणे, "पुस्तकात नाही. पण उभं राहाचं हाय हे माहीत असलं ना, का माणूस सिमेंट बरोबर कालवते."

कोबा झाला त्या दिवशी दुपारी काका पुतणीच्या लग्नाले अचलपूरले गेले होते. जाताना सांगून गेले, "दहा दिवस टेकूले हात लावजो नको." मी म्हटलं, हाव. अन् त्याच सांजेले मजुराकडून टेकू काढून घेतले. अमरावतीच्या एका साइटवर लागत होते, तिथले लोकं दर तासाले फोन करत होते. म्या मनात हिशोब केला, खालचं प्लास्टर दोन दिवसाचं झालं, चालते. शेवटचा टेकू निघाला तेव्हा मी बाहेर अंगणात होतो. फोनवर. अमरावतीवाल्याले सांगत होतो, निघालेच तुमचे टेकू.

टेकूच्या गाडीत बसताना भाऊंले ओरडून सांगितलं, "भाऊ, कोब्याले सात दिवस पाणी देजा."

"देतो ना बाप्पा," भाऊ म्हणाले. "पाणी द्याचं मले शिकवतं काय?"

आता आमच्या धंद्यात पाणी देणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ शिंपडणं. सिमेंट एकदम वाळू नये, तडकू नये म्हणून. ते पण ऊन उतरल्यावर. तापलेल्या स्लॅबवर दुपारी गार पाणी ओतलं तर तीच भेग पडते जी आपण बुजवून राहिलो. हे सगळं मी भाऊंले सांगाले पाहिजे होतं. पण मले घाई होती. अन् पाणी देणं हा शब्द माह्या डोक्यात एक होता, भाऊंच्या डोक्यात दुसरा. त्यांचं सारं आयुष्य पाणी देण्यात गेलं, पण वावराले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अकोल्यात चहाच्या टपरीवर होतो. सहज फोन लावला.

"भाऊ, पाणी देऊन राहिले ना?"

"हाव ना. मस्त भरलं."

"भरलं म्हणजे?"

"अरे, चारी बाजूनं कठडा हायेच, बांध घालाचं काम नाही पडलं. पाणी खाली जाच्या नळीत बोळा कोंबला अन् मोटरीचा पाईप सोडून देल्ला वर. घोट्याच्या वर हाय पाणी सकाळपासून. सांजेपर्यंत अजून चढते."

माह्या हातातला चहा तसाच राहिला.

"भाऊ, मोटर बंद करा."

"काहून? अरे खोली अशी थंडगार झाली ना, कूलर झक मारते. साऱ्या बायका तिथंच बसल्या. शीतलले अन् लेकराले बी तिथंच टाकलं. पाळणा बांधला ना कडीले."

"भाऊ, ऐका. आत्ताच्या आत्ता त्यायले बाहेर काढा."

"हॅलो? आवाज नाही येऊन राहिला बाप्पा. मी जीपमध्ये हाय, दुसरी खेप घेऊन अकोटले—"

कट. परत लावला, रेंज नाही. परत लावला, बंद. भाऊंच्या फोनची बॅटरी म्हणजे दुपारपर्यंतचीच, हे मले माहीत होतं. घरचा दुसरा कोणताच नंबर माह्याकडं नव्हता. चार दिवस त्या घरी जेवलो, काकूच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, पण शीतलचा नंबर घ्याचं सुचलं नाही.

डिप्लोम्याचा काय फायदा म्हणान तर हा, की हिशोब आपोआप होते. एक फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट खोल पाणी म्हणजे चौदा किलो. खोली बारा बाय चौदाची. दोन टनाच्या वर वजन, अन् मोटर चालूच. खाली गंजलेल्या सळया, पाच दिवसाचं प्लास्टर, टेकू अमरावतीत, अन् कडीले पाळणा.

काकाले फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. काकानं एकच विचारलं.

"टेकू हायेत ना खाल्ती?"

"खाल्ती नाहीत, काका."

"कुठी हायेत?"

"अमरावतीले."

काका आता शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी शिव्या नाही देल्ल्या, तेव्हा मले खरी भीती वाटली.

"आंधी माणसं बाहेर," ते म्हणाले. "मंग मोटर. मंग बोळा. अन् बोळा काढाले वर चढजो नको, तुहं वजन अजून नको टाकू त्याच्यावर. बाहेरून, खालून नळीत काठी घाल. मी टेकू घेऊन येतो कुठूनतरी. निघ तू."

तोंडाले दुपट्टा बांधला अन् गाडी काढली. अकोला ते अकोट, अकोटहून हिवरखेड. दुपारचे अडीच. रस्त्यावर कुत्रं नाही. हवा अशी की हेल्मेटमध्ये भट्टी. दर पाच-सात किलोमीटरवर थांबून फोन लावू, स्विच ऑफ ऐकू, परत किक मारू. एकदा वाटलं पोलिसांले फोन करावा. काय सांगणार, गच्चीवर पाणी हाय म्हणून? एका ठिकाणी घरावरची टाकी वाहताना दिसली, पाणी भिंतीवरून खाली येऊन राहिलं होतं. रोज दिसते असं, पण त्या दिवशी मले पाहावलं नाही. अन् सगळ्या रस्त्यानं तो टेकू डोळ्यासमोर. मी बाहेर फोनवर बोलून राहिलो अन् आत तो निघून राहिला.

भाऊंच्या गल्लीत वळलो तर मोटरीचा आवाज कोपऱ्यापासून ऐकू येत होता. म्हणजे घर उभं होतं. गाडी स्टँडवर लावली का आडवी पाडली, आठवत नाही.

आत गेलो. खोली खरंच थंड होती. काकू अन् शेजारच्या एक बाई वांगे निवडत बसल्या होत्या. शीतल चटईवर आडवी. लेकरू पाळण्यात झोपलेलं, पाळण्याची दोरी वर कडीले. अन् कडीजवळून कोपऱ्याकडं एक भेग. मी भरलेल्या प्लास्टरमध्ये. मी निघालो तेव्हा नव्हती.

"चप्पल काढ आंधी," काकू म्हणाल्या.

"काकू, सगळे बाहेर चला."

"काहून रे? बस ना, पाणी पे. तोंड पाह्य कसं लाल झालं."

"काकू, बाहेर."

"साप गिप निंघाला काय?"

आता स्लॅबचं वजन, सळया, टन, हे मी कधी समजावून सांगणार होतो? मी म्हटलं, "हाव. साप हाय. छतात."

मी बाळंतिणीले इतक्या झटक्यात उठताना कधी पाह्यलं नाही. शीतलनं लेकरू उचललं, काकूनं शीतलले धरलं, शेजारच्या बाई वांग्यांचं टोपलं घेऊन निघाल्या. मी सगळ्यांच्या मागून निघालो. मोटरीचं बटन दाबलं. आंबे तोडायचा बांबू भिंतीले टेकून होता, तो घेऊन मागच्या बाजूले गेलो अन् नळीत खालून जोर लावून खुपसला. दोनदा नाही झालं. तिसऱ्यांदा बोळा आत सरकला अन् पाणी असं पडलं, की मी पूर्ण भिजलो, कोंबड्या ओरडत पळाल्या, अंगणात चिखल. बोळा म्हणजे भाऊंचं जुनं बनियन होतं.

पाणी अर्धा तास पडत होतं. मी खिडकीतून त्या भेगेकडं पाहत होतो. काकू निंबाखाली उभ्या राहून पुनःपुन्हा विचारत होत्या, "दिसला काय रे? केवढा हाय?"

पाचच्या सुमारास भाऊ आले. आंधी चिडले. "माह्या मोटरीचं पाणी नालीत सोडलं बे?" मग मी सांगितलं, दोन टन, कडी, भेग. भाऊ खोलीच्या दारात उभे राहून वर पाहत राहिले. पाळणा रिकामा लटकत होता. मग खाली बसले.

"माही चूक झाली," ते म्हणाले. "अडाणी माणूस मी. तू पाणी देजा म्हनलं, म्या वावर समजून देल्लं. लेकराचं काही झालं असतं तर कोणत्या तोंडानं..."

अन् मी काय केलं? मी म्हटलं, "भाऊ, असं नाही करायचं कधी." एवढंच. टेकूचं नाही सांगितलं. त्यांनी चूक आपल्या अंगावर घेतली अन् मी घेऊ देल्ली. काकूनं चहा देल्ला, तो प्यायलो. सगळ्या कामात मले लाज कशाची वाटते विचारलं तर त्या चहाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेम्पोत टेकू घेऊन आले. खोलीत चार टेकू परत उभे केले. हातोडीनं हळूहळू ठोकत फिरले. टण टण टण, अन् कडीजवळ बद बद. पोकळ. भेगेवर त्यांनी दोन ठिकाणी पीओपीचा टिकला लावला. टिकला शाबूत राहिला तर भेग थांबली, टिकला फुटला तर भेग चालू हाय. काकू म्हणाल्या, लेकराले तीट लावते तशी लावली बाप्पा.

भाऊ काकाले सांगत होते, "मिस्त्री, माही चूक झाली. हे पोट्टं बिचारं अकोल्याहून एवढ्या तपनीत पळत आलं."

काकानं माह्याकडं पाह्यलं.  हातोडी खाली ठेवली फक्त.

मग मी सांगितलं. काकानं दहा दिवस म्हटलं होतं, मी त्याच सांजेले टेकू काढले, अमरावतीले नेले. शेवटचा निघाला तेव्हा खाली उभा नव्हतो. अन् पाणी म्हणजे शिंपडाचं, हे सांगाले मले एक मिनिट लागलं असतं, ते पण नव्हतं माह्याकडं. टेकू असते तर तुमच्या पाण्यानं एवढं झालं नसतं.

भाऊ उठून माह्याजवळ आले. मले वाटलं आता कानाखाली बसते. बसली असती तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, अगदी हळू, जसं काही खरंच विचारून राहिले, "वावरात पाणी सोडलं ना, का मी पाण्याच्या दांडापाशी उभा राहतो. फुटला दांड तर? तू काहून नाही राह्यला उभा?"

म्या खाली ठेवलेली हातोडी उचलून काकाच्या हातात देल्ली. 

मी हिवरखेडलेच राहिलो. अमरावतीवाल्याचे फोन आले, सांगितलं, येत नाही. कडीजवळचं पोकळ प्लास्टर पाडून काकानं नव्यानं भरलं. मी सकाळी ऊन चढायच्या आंधी अन् सांजेले ऊन उतरल्यावर शिडीवर उभा राहून झारीनं कोब्यावर शिंपडे. भाऊ खालून पाहत. एकदा म्हणाले, "एवढंसं? याच्यानं सांबार बी नाही उगवाचा." पाचव्या दिवशी मोठी हवा सुटली, शेजाऱ्याच्या दोन टिना उडाल्या, अन् मी पयले खोलीत जाऊन टिकले पाह्यले. दिवसातून वीस वेळा पाहत होतो. शीतल हसे, म्हणे, दादा, लेकराकडं नाही एवढं छताकडं पाहता तुमी.

अकराव्या दिवशी काकानं टेकू काढले. एक, दोन, तीन. शेवटच्याले हात लावला अन् थांबले. मी जाऊन कडीखाली उभा राहिलो. फोन बाहेर ठेवला होता. वर पाह्यलं, दोन्ही टिकले शाबूत. टेकू निघाला. माहे कान वर लागले होते, टक होते काय, माती झडते काय. काहीच नाही झालं. भाऊ दारात उभे होते, दांडापाशी उभे राहतात तसे, कमरेवर हात ठेवून.

काकू लेकराले घेऊन आत आल्या. मागून शीतल, हातात पाळण्याची दोरी.

"दादा, आता बांधू काय पाळणा?"

आंधीचा मी असतो तर म्हटलं असतं, बांध बिनधास्त. मी शिडी घेतली, कडीले हात लावला, बोटाले गंज लागला. कडी जुन्या सळईत अडकवलेली होती, अन् ती सळई किती गंजली हे मी पाह्यलं होतं.

"बांध," मी म्हटलं, "पण इथं नको. ओसरीत लोखंडी पाईप हाय, त्याले बांध."

"मंग या कडीले काय टांगू?" काकूनं विचारलं.

"काहीच नका टांगू, काकू. ती मी कापून टाकतो."

काकूनं लेकरू खांद्यावर घेतलं, एकदा वर पाह्यलं, एकदा माह्याकडं.

"म्हणजे तो साप," त्या म्हणाल्या, "अजून तिथंच हाय."

"हाव काकू," मी म्हटलं. "थोडासा हाय."